आतल्या खिशातली पिशवी

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे. रंग गडद निळा, कोपरावर ठिगळ आणि स्वभाव भलता काळजीखोर. कोटाला कसली आलीये काळजी, असं म्हणू नका. माझा आतला खिसा माझ्या मालकाच्या छातीवरच टेकतो. तिथली धडधड मला सगळ्यात आधी कळते.

माझा मालक ग्रिगोरे, रोमानियाचा. तो रेल्वे कारखान्याच्या फुटबॉल संघात डावीकडून धावायचा. संघ वरच्या श्रेणीत गेला तेव्हा कारखान्याने प्रत्येक खेळाडूला एक कोट शिवून दिला. तसा मी जन्मलो. तेव्हा लोक ग्रिगोरेच्या नावाने ओरडायचे आणि मी बाकावर पडून ऐटीत ऐकायचो. तिशीत त्याचा गुडघा गेला. खेळणं सुटलं, मी सुटलो नाही. तो प्रशिक्षक झाला. चार क्लबांनी त्याला नेमलं आणि चारही क्लबांनी काढून टाकलं. दर वेळी मला हातावर टाकून तो मागे न बघता बाहेर पडायचा.

दोन हजार दोन साली तो बहिणीच्या मागोमाग न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आला. दिवसा गोदामात काम आणि संध्याकाळी माउंट रॉस्किल या उपनगरातल्या एका हौशी संघाला शिकवणं. हा संघ दरवर्षी तळाला असे. इथेच आम्हाला चारुदत्त भेटला. तो पुण्याचा, नोकरी कॉम्प्युटरची, पण जीव सगळा या संघात. जर्सी धुणं, संत्री कापणं, खेळाडूंना गाडीतून घरी सोडणं, सगळं तोच करायचा. त्याची बायको निवेदिता फार्मसिस्ट होती. मराठी मी त्यांच्याच घरी शिकलो.

दोन हजार सहाच्या जून महिन्यात, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, डॉक्टरांनी ग्रिगोरेला रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या. सामन्याला जाता जाता त्याने त्या निवेदिताच्या दुकानातून घेतल्या.

"कोच, रोज सकाळी एक. चुकवायची नाही हं," तिने बजावलं.

त्याने पांढरी कागदी पिशवी माझ्या आतल्या खिशात टाकली. त्या दिवशी आम्ही तीन-शून्य जिंकलो!

मित्रांनो, इथेच घात झाला. ग्रिगोरेच्या जुन्या संघात एक रीत होती. जिंकलेल्या दिवशी अंगावर जे होतं ते धुवायचं नाही, खिशात जे होतं ते काढायचं नाही. हरेपर्यंत तसंच चालवायचं. त्याच्या बहिणीला धुण्याची भारी हौस, म्हणून मी दोन सामन्यांच्या मध्ये चारुदत्तच्या गॅरेजमध्ये राहू लागलो.

तिसऱ्या विजयानंतर मला खुंटीला अडकवताना चारुदत्तच्या हाताला पिशवी लागली. लेबल बायकोच्या दुकानाचं. पिशवीला मारलेली पिनही जशीच्या तशी.

"कोच, तुम्ही गोळ्या घेतच नाही?" त्याने दुसऱ्या दिवशी मैदानावर विचारलं.

"हरलो की घेईन," ग्रिगोरे म्हणाला. "मला काही होत नाही."

दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर रागावला असता. पण चारुदत्त अशा घरात वाढला होता, जिथे क्रिकेटची मॅच रंगात आली की कुणालाही जागचं हलू देत नसत. त्याचे काका एकदा अख्खा डाव दारात उभे होते, हातात थंडगार चहा घेऊन. त्याला ग्रिगोरेचं म्हणणं पटलं. त्याने खिशाचं बटण लावून टाकलं.

मी काय करणार? मला सगळं माहीत होतं आणि सांगता काहीच येत नव्हतं. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात निवेदिता विचारायची, "अरे, कोच बरे आहेत ना? चेहरा लाल दिसतो त्यांचा."

"हो गं, एकदम स्वीट अ‍ॅज," चारुदत्त इथल्या लोकांसारखं म्हणायचा, म्हणजे अगदी झकास. मग गॅरेजमध्ये येऊन माझ्याकडे बघत उभा राहायचा. एकदा त्याने बटण काढलंसुद्धा. "फायनल होऊ दे," असं पुटपुटून पुन्हा लावलं. मला रडू आलं असतं, पण कोटाला रडता येत नाही.

आम्ही जिंकत गेलो. खिशामागची धडधड दर शनिवारी वाढत गेली. प्रत्येक सामन्यात मला वाटायचं, आज हरू दे रे देवा.

सप्टेंबरात फायनल. एक-एक अशी बरोबरी. शेवटची दहा मिनिटं उरली होती. ग्रिगोरे ओरडायला उठला आणि त्याचा उजवा हात लोंबकळला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. तो चारुदत्तच्या अंगावर कोसळला.

प्रेक्षकांतून निवेदिता धावत आली. कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. औषधं कोणती चालू आहेत ते सांगायला हवं, म्हणून तिने माझे खिसे चाचपले आणि तिच्या हाती तिचीच पिशवी आली.

"ही उघडलेलीच नाही," ती म्हणाली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"फायनल होऊ दे म्हटलं होतं..."

तेवढ्यात आमच्या संघाने गोल केला. मैदान दणाणून गेलं. त्या तिघांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

ग्रिगोरे वाचला. पण त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं अडखळू लागलं. मला मात्र क्लबने करंडकाशेजारी टांगलं. लोक माझ्या बाहीला हात लावून म्हणतात, "याच्यामुळे जिंकलो." माझं इतकं कौतुक आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

सामन्याच्या दिवशी चारुदत्त मला खाली काढतो. आधी ग्रिगोरेचा लुळा हात माझ्या बाहीत हळूच सारतो, मग दुसरा. "गोळी?" तो विचारतो. ग्रिगोरे होकाराची मान हलवतो. तरीही चारुदत्त माझा आतला खिसा चाचपून बघतो. तो रिकामा असतो.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, असं मी सांगणार नाही. मला खुशाल धुवा, फाटलो तर फेकून द्या. पण कुणाच्या खिशात अशी बंद पिशवी दिसली, तर त्याच्या घरच्यांना त्याच दिवशी सांगा. तो रागावला तरी सांगा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.