मीराच्या हृदयातली मी आणि डिंकाचे लाडू

मित्रांनो, गोडगोड बोलायला मी आलेली नाही. मी एक जुनी तंतुकणिका आहे. मीराच्या हृदयाच्या स्नायूत राबते. तुमची पुस्तकं मला पेशीचं वीजघर म्हणतात. एकटीचं वीजघर? डोंबल! आम्ही पुष्कळजणी एका पेशीत राहतो, एकमेकींना जुळतो, पुन्हा सुट्या होतो, एकीची मोडतोड दुसरी सावरते. पण श्वासातून हवा आणि ताटातून अन्न आलं, तरच आमची चूल पेटते. वरून काही आलंच नाही, तर आम्ही जुळून करणार काय, कपाळ?

मी आले मीराच्या आईकडून, आईला मिळाले तिच्या आईकडून. मुलाच्या अंगातही आम्ही जन्मभर राबतो, पण पुढच्या पिढीत जातो ते मुलीच्याच पोटातून.

म्हणूनच त्या दिवशी माझं डोकं फिरलं. साल छप्पन्न. मध्य भारत हे राज्य नव्या मध्य प्रदेशात गेलं, राजधानी भोपाळ झाली आणि मीराच्या नवऱ्याचं, जयंतचं, ऑफिस उज्जैनहून भोपाळला निघालं. माधव नगरातल्या घरी त्याची ट्रंक भरणं चाललं होतं. मीराच्या बाळंतपणाला महिनाही झाला नव्हता, तरी ती चुलीपाशी पोळ्या लाटत होती. तिच्या सासूबाईंनी, अक्कांनी, डिंकाचे लाडू केले होते. ते ठेवले कुठं? जयंतच्या ट्रंकेत!

"परक्या गावी पोराला ताकत पाहिजे," अक्का म्हणाल्या. "हिला कशाला? तिसरीपण छोरीच! वंश बुडाला आमचा."

जयंत ट्रंकेत सदरे रचत राहिला.

अहो अक्का, तुम्हाला मुलगी नाही. तुमच्या आईकडून तुमच्यात आलेल्या माझ्या जातबहिणी जयंतपाशीच संपणार. मीराच्या मात्र तीन पोरींत नांदताहेत. आता सांगा, वंश कुणाचा बुडाला? पण माझं ऐकतो कोण!

मीराच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हृदय धडधडू लागलं. आम्ही होतं नव्हतं ते सगळं जाळलं. तेवढ्यात बाळ रडू लागलं. मीरानं त्याला छातीशी धरलं, तर दूधच येईना. तशी ती उठली. ट्रंक उघडली, डबा काढला आणि तिथंच फतकल मारून लाडू खाऊ लागली.

"अगं, ते त्याच्या सफरचे आहेत!" अक्का ओरडल्या.

"हे भोपाळला चाललेत, अक्का. या पोरीला दूध मला पाजायचंय."

जयंतनं मान खाली घातली. थोड्या वेळानं रक्तातून गूळ आमच्यापर्यंत आला. मला रडूच फुटलं, रागानंसुद्धा.

मित्रांनो, एकीला उपाशी ठेवून पेशी चालत नाही, घर कसं चालेल? आज पानं घ्याल तेव्हा पहिलं पान आईचं घ्या.

मीरानं दुसरा लाडू उचलला. तोही कुणाला न विचारता.