जनरेटरवरच्या मुंग्या

झुलाल महाराजांनी मोरपिसांचा कुंचा पॅनेलवरून फिरवला, डोळे गच्च मिटले आणि ओरडले, "चेतने, जागी हो!" लाल दिवा विझला. मशीन हॉलमध्ये जमलेले फिटर, वॉचमन, कँटीनचा आचारी, सगळे हात जोडून जयजयकार करू लागले. आमचे मॅनेजर प्रेमराज साहेब तर पायाच पडले. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला माणूस इतका वाकू शकतो, हे मी कंट्रोल रूमच्या काचेआडून बघत होते.

काचेआडून, कारण मला हॉलमध्ये यायला बंदी होती.

आमची सूतगिरणी धुळ्याच्या साक्री रस्त्यावर. गिरणीची वीज आम्हीच गॅस टर्बाइनवर बनवतो. टर्बाइन जनरेटरला फिरवतं, पण जनरेटरच्या फिरत्या भागाला आधी थोडी वीज देऊन चुंबक करावं लागतं, यालाच एक्सायटेशन म्हणतात. ती वीज कार्बनच्या ब्रशांतून धातूच्या कड्यांवर जाते. वाटेत ती लोखंडात गळायला लागली, की लाल दिवा लागतो आणि मशीन चालू करता येत नाही. वार्षिक दुरुस्ती झाल्यापासून हा दिवा रोज सकाळी लागत होता. नवे ब्रश मी बसवले होते. महाराजांना तेवढं पुरलं.

"एक्सायटेशन म्हणजे यंत्राची चेतना," ते म्हणाले. "तिला बाईमाणसाचा हात लागला. ती रुसली." हे महाराज कालपरवापर्यंत सावद्याला केळीच्या गाड्या भरून देत. चुंबकशास्त्र त्यांना घड मोजता मोजता कळलं असावं.

साहेबांनी लगेच हुकूम काढला. "मयुरी, सोमवारपासून तू स्टोअरमध्ये. मशीनला पुन्हा हात लावायचा नाही." तंत्रनिकेतनात शिकले ते काय नटबोल्ट मोजून द्यायला?

मी पितांबर नानांकडे पाहिलं. नाना आमचे हेड फिटर. कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनीच मला शिकवलं होतं, "लाल दिवा लागना का पहिले झाकण उघाड, मंग बोल." माझ्या डब्यातली कळण्याची भाकरी हक्काने खाणारा माणूस. मी बसवलेला प्रत्येक ब्रश त्यांनी स्वतः हलवून बघितला होता. तेवढं त्यांनी साहेबांना सांगावं, एवढीच माझी अपेक्षा. नाना बुटांकडे बघत राहिले.

नंतर जिन्यात म्हणाले, "जाऊ दे पोरी, दोन दिन घर बैस. बठ्ठं ठीक व्हई जाई."

मी घरी बसले नाही. कंट्रोल रूममध्ये बसून बघत राहिले. महाराज यायचे ते दुपारीच. आणि ते यायच्या बऱ्याच आधी माझ्यासमोरच्या बोर्डावर एक हिरवा दिवा लागायचा. तो ब्रशांच्या कप्प्यातल्या हीटरचा. रात्री मशीन बंद असताना आत ओल धरू नये म्हणून हा हीटर असतो. आमचा मात्र रात्रभर बंद आणि महाराजांच्या स्वागताला चालू! त्याची चावी नानांकडे होती. मला एकदम रडू आलं.

जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला, तशी मी बंदी मोडून आत गेले. कप्प्याच्या फटीतून मुंग्यांची रांग आत चालली होती. तिथे मुंग्यांना काय गोड मिळावं? मग दुरुस्ती संपल्यावरची पूजा आठवली. नानांनी नारळ उघड्या कप्प्याच्या कडेवरच फोडला होता.

दुसऱ्या दिवशी महाराज आले, तेव्हा नानांनी नेहमीप्रमाणे चावी फिरवली होती. पण हीटरचा फ्यूज मी काढून ठेवला होता. कुंचा फिरला. परत फिरला. पिसं गळायला लागली, तरी लाल दिवा ढिम्म.

"कुणीतरी अपवित्र जवळ आलंय!" महाराज गरजले.

"मी आलेय," मी दारातून म्हणाले. "साहेब, आता माझी पाळी. मला मंत्र येत नाही. तुम्ही चहा घ्या."

मी फ्यूज लावला. चहा झाला, गप्पाही संपल्या आणि दिवा आपोआप विझला. मग मी सगळ्यांसमोर झाकण उघडलं. आत कड्यांच्या बाजूला चिकट ओघळ, कुंकवाचे कण, नारळाची शेंडी आणि मेलेल्या मुंग्या.

"नारळाच्या पाण्यात क्षार असतात," मी म्हणाले. "रात्रीच्या दमट हवेत हा थर ओलावतो आणि वीज गळते. हीटरने सुकला की गळती थांबते. आधी सुकवायचं, मग कुंचा फिरवायचा. एवढाच चमत्कार."

महाराज 'जरा जाऊन येतो' म्हणाले आणि मोटरसायकलवरून जे गेले ते गेलेच. मी तो थर स्पिरिटने पुसून काढला. सकाळी दिवा लागला नाही. बाईमाणसाच्याच हाताने पुसलं होतं. साहेबांनी स्टोअरचा हुकूम मागे घेतला, माफी मात्र मागितली नाही.

नाना मला गेटपाशी भेटले. "नारय मीच फोडा व्हता. माले भ्याव वाटनं. पन मी तुन्हं नाव लिधं नही, पोरी. मी फक्त चूप बसनू."

"नाना, महाराजांना कोणी आणलं?"

ते पुन्हा बुटांकडे बघू लागले.

महाराजाचा मला राग नाही, तो त्याचा धंदा. पण ज्याला खरं माहीत होतं त्याने मला महाराजाच्या पुढ्यात उभं केलं. म्हणून सांगते, पूजा करायची तर खुशाल करा, पण झाकण लावून. आणि कुठे लाल दिवा लागला, तर कुणाचा हात लागला, कुणाची सावली पडली हे विचारण्याआधी झाकण उघडा. आत काय आहे ते डोळ्यांनी बघा.

हे मला नानांनीच शिकवलंय. मी आजही तसंच करते. फक्त डबा उघडताना त्यांना हाक मारत नाही.