झुझकाची ओटी

आमची शेजारीण आना अडुसष्ट साली स्लोव्हाकियातल्या एका खेड्यातून इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला आली. ती आणि माझी बायको यमुना एकाच शाळेच्या किचनमध्ये कामाला होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यमुना तिची ओटी भरायची. घरात दुसरं कोणी नसायचं, म्हणून तबक धरायला मी.

"माझ्या भाचीच्या लग्नात तिची भरशील?" आनाने एकदा विचारलं.

"भरीन की," यमुना म्हणाली.

लग्नाची तारीख ठरली चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरातली. यमुना त्याआधीच, मार्चमध्ये वारली.

"तू ये, नंदू," आना म्हणाली. यमुनाचा शब्द पाळायला मी गेलो. बॅगेत हिरवा खण, तांदूळ, हळदकुंकू आणि शेंडीवाला नारळ. तो नारळ शोधत मी लेस्टरपर्यंत गेलो होतो.

आनाचं गाव ओढ्याकाठी. पलीकडचं गाव परवापर्यंत त्यांच्याच देशात होतं. मग देशाचे दोन देश झाले आणि आता मध्ये सरहद्दीचं फाटक आणि पोलीस. नवरदेव पलीकडचा.

"सासर हाकेच्या अंतरावर, पण जायचं परदेशात," आना हसत म्हणाली.

लग्नादिवशी सकाळी मी नारळ टेबलावर ठेवून अंघोळीला गेलो. परत येतो तर नवरीचा बाप श्टेफान हातात कुऱ्हाड घेऊन उभा आणि सगळं घर खोबरं खातंय. पाहुण्याने आणलेला खाऊ लगेच फोडून वाटायचा, ही त्यांची रीत. त्याने मला मिठी मारली आणि प्लमच्या दारूचा ग्लास हातात दिला. मी तो प्यायलो. दुसरं काय करणार? मग अंगणात जाऊन बसलो.

आना मागून आली. "तोंड का पाडलंस?"

"नारळाशिवाय ओटी कशी भरायची?"

"एका वर्षी बर्फामुळे दुकानं बंद होती. यमुनाने मला सफरचंद घातलं. म्हणाली, नंदूला सांगू नकोस, नियम काढत बसेल."

"मी तबक धरून समोर उभा होतो!"

"तू टीव्हीवर क्रिकेट बघत होतास."

मला हसू आलं. हसता हसता रडूही आलं. आनाने तिकडे लक्ष दिलं नाही. ती झाडाखालचे अक्रोड वेचत राहिली.

संध्याकाळी लग्न झालेल्या बायकांनी नवरीच्या, झुझकाच्या, डोक्यावरची फुलं उतरवून तिला रुमाल बांधला. आता ती बायकांत आली. आनाने खूण केली तसा झुझकाने पोशाखावरचा एप्रन पदरासारखा पसरला. आनाने तिला हळदकुंकू लावलं, खण, तांदूळ आणि अक्रोड घातले. तबक मी धरलं. या वेळी नीट बघत होतो.

मग ओटीसकट झुझकाला घेऊन वाजतगाजत सगळे फाटकाशी गेलो. तरुण पोलिसाने एप्रनमध्ये डोकावून पाहिलं आणि सहज एक अक्रोड उचलला. आनाने फाटकन त्याच्या हातावर चापट मारली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडली. त्यातला 'ओटी' एवढाच शब्द मला कळला. पण आवाज थेट यमुनाचा.

त्याने अक्रोड परत ठेवला आणि फाटक उघडलं.