मॅडम मागे सरकल्या

खांडेनवमीची सकाळ. मनीषनगरच्या घरात शोभाताईंनी मिक्सर, शिलाई मशीन, सुनेची गाडी, सगळ्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. सून दामिनी उभ्याउभ्याच पोहे खात होती. बुटीबोरीच्या एका पंप कारखान्यात ती एचआरची प्रमुख, आणि आज तिथल्या नव्या शेडची पूजा होती.

"दामिनी, ऐक वं," शोभाताई म्हणाल्या. "पूजेच्या वेळी जराशी मागंच राहजो. तुझ्याच भल्यासाठी सांगून राहिली. लोकायची तोंडं वाईट असतेत."

"हो, आई."

शोभाताई वाईट बाई नाहीत हो. एकुलता मुलगा ऋषिकेश गेला, तेव्हा याच सासूने सुनेला नोकरी सोडू दिली नाही, नातीला पदराखाली घेतलं. पण घरात हळदीकुंकू असलं की सुनेला चहा करायला आत पाठवायच्या. विधवेच्या हातचा चहा चालतो आपल्याला, कुंकू चालत नाही. आहे की नाही गंमत! आणि दामिनी हजार माणसांच्या कारखान्यात मालकाशी वाद घालणारी, पण घरी निमूटपणे चहा गाळायची.

नवी शेड म्हणजे दामिनीचा जीव. पत्रे मालकाचे, मशीन मालकाच्या. पण त्या मशीनवर बायका उभ्या राहतील हा हट्ट तिचा. "बायका काय मशीन चालवतील?" म्हणून हसणाऱ्या साहेबांशी ती भांडली. बायकांसाठी संडास बांधून घेतले, बस सुरू करून घेतली, गावोगाव फिरून बापांच्या आणि सासऱ्यांच्या विनवण्या केल्या.

पहिल्या मशीनवर देवकी होती. तिचा नवरा याच कारखान्यात क्रेनची साखळी तुटून मेला. कारखान्याने मोठ्या उदार मनाने बायकोच्या हातात झाडू दिला. दामिनीने तो काढून घेतला आणि तिला पंपाचा दांडा तासायला शिकवला. रामटेककडच्या गावात दिराच्या घरी उरलंसुरलं खाणारी देवकी आता बुटीबोरीत खोली घेऊन राहत होती, मुलीला शाळेत धाडत होती. तिचं सगळं त्या मशीनवर उभं होतं.

पूजेची तयारी झाली तेव्हा मालक ओमप्रकाशजींनी दामिनीला बाजूला घेतलं.

"मॅडम, मेहनत तुमची, सब मानते हैं. पण आमच्या माताजींचं, माझ्या आईचं, म्हणणं आहे, पहिलं कुंकू सवाष्णीच्या हातचं पाहिजे. मॅनेजरसाहेबांच्या मिसेस आहेत ना, सोनिकाजी, त्या करतील. बुरा मत मानना."

शेडमध्ये सगळ्या बायका नव्या गणवेशात तिच्याकडेच बघत होत्या. तिने विचार केला, तासाभराचा तर प्रश्न आहे. माझा अपमान मी गिळते, शेड तर सुरू होईल.

"चालेल, सर," ती म्हणाली आणि खांबाजवळ जाऊन उभी राहिली.

अगं बाई, तो अपमान तुझ्या एकटीचा होता का?

सोनिकाबाईंनी कुंकू लावलं, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. मग प्रत्येकीने आपापल्या मशीनची पूजा करायची होती. देवकीने हौसेने ताट उचललं. सुपरवायझर शालिकरामने तिथल्या तिथे ते ओढून घेतलं.

"मोठ्या मॅडम मागं सरकल्या, दिसून नाही राहिलं का तुले? तू काहून पुढं घुसून राहिली वं?"

देवकीने दामिनीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि दामिनीने, तोंडाला तोंड देण्यात अख्ख्या कारखान्यात जिचा हात कोणी धरू शकत नव्हतं त्या दामिनीने, मान खाली घातली.

पुढे जे व्हायचं तेच झालं. देवकीच्या मशीनचा झिजलेला पट्टा कोणी बदलला नव्हता, तो तुटला. शालिकराम म्हणाला, "म्या म्हटलंच होतं, पांढऱ्या पायाची आहे." एकीच्या बोटाला कापलं, तेही देवकीमुळे. कालपर्यंत तिच्या डब्यातलं लोणचं मागून खाणाऱ्या बायका डबा घेऊन लांब बसू लागल्या. आधी तिला पॅकिंगला पाठवलं, मग पुन्हा तोच झाडू. दामिनी तेव्हा रामदासपेठेतल्या मुख्य ऑफिसात नव्या भरतीच्या मुलाखती घेत बसली होती. दिवाळीनंतर ती शेडमध्ये आली, तर पहिल्या मशीनवर दुसरीच बाई.

"देवकी कुठे आहे?"

"गावाले गेली, मॅडम," शेजारच्या मशीनवरची गोपिका म्हणाली. "तुमची लय वाट पायली तिनं. म्हणे, मॅडमले काय सांगू? त्यायच्या समोरच त झालं."

दामिनी तडक मालकाच्या केबिनमध्ये गेली. "सर, देवकीला मशीनवर परत घ्यायचं. आणि शालिकरामला जाब विचारायचा. हा कारखाना आहे की देवघर?"

ओमप्रकाशजी शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःच मान्य केलं होतं ना त्या दिवशी? तुम्हाला ऑब्जेक्शन नव्हतं. मग त्या शालिकरामला मी कोणत्या तोंडाने बोलू?"

दामिनी तशीच केबिनबाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी ती गाडी काढून देवकीच्या गावी गेली. देवकी दिराच्या शेतात धान कापत होती. मुलगीही शाळा सोडून पेंढ्या बांधत होती.

"चल देवकी. मी भांडते आता तुझ्यासाठी."

देवकीने विळा खाली ठेवला नाही. "माझ्यासाठी भांडसान, मॅडम? स्वतःसाठी त तोंड नाही उघडलं तुमी. तुमाले मोठी नोकरी आहे, गाडी आहे. तुमी मागं सरकल्या त तुमचं काय गेलं? माझी मशीन गेली."

"चुकलं माझं."

"मले कुंकू नव्हतं पाहिजे वो. मशीन पाहिजे होती. आता आली त उद्या अजून काही तुटन, अन् माझंच नाव निघन. तुमी आधी स्वतः उभ्या राहा. मग मले बोलवा."

दामिनी रिकाम्या हाताने परतली. रस्ताभर ती रडली, आणि तिची तिलाच चीड आली.

सोमवारी पाळी बदलताना ती शेडच्या मधोमध उभी राहिली. म्हणाली, "मी विधवा आहे. पूजेच्या दिवशी मला मागे व्हायला सांगितलं, आणि मी झाले. ते चूक होतं. माझ्या त्या चुकीने देवकीचं काम गेलं. यापुढे या कारखान्यात कुठल्याही बाईला नवऱ्यावरून मागे सारलं, तर सारणारा घरी जाईल. मालकांना सांगून आले आहे. त्यांना पटत नसेल, तर मी घरी जाईन."

कोणी टाळी वाजवली नाही. शालिकराम बूट बघत उभा राहिला. बायका एकमेकींकडे बघत आपापल्या मशीनकडे गेल्या.

देवकी परत आली का, असं विचाराल. नाही आली. दामिनीने दोनदा निरोप धाडला, पण धानाची कापणी उरकल्यावर दिराने मायलेकींना कुठल्याशा वीटभट्टीवर पाठवलं होतं. दामिनी अजून शोधते आहे आणि पहिली मशीन कोणाला कायमची देत नाही. मालक कुरकुर करतात, ती ऐकून घेत नाही.

आता शालिकरामला शिव्या घालून मोकळे होऊ नका. तो अडाणी, माताजी जुन्या वळणाच्या, मालक व्यवहारी, सगळं कबूल. तुम्ही तर शिकलेल्या आहात ना? येत्या संक्रांतीला तुमच्याकडे हळदीकुंकू असेल. कोणाला बोलवायचं नाही, हे न बोलता आत्ताच ठरलेलं आहे तुमचं. तिचं नाव एकदा मोठ्याने घ्या बघू, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.