साकेच्या बाटलीत पेज

मित्रांनो, मी निळ्या काचेची एक जुनी बाटली आहे. माझा जन्म जपानमधल्या एका लहान गावातला. तिथे तांदूळ आंबवून साके नावाचं मद्य करतात. माझ्यातली साके हलकी, फळांच्या वासाची आणि बारीक बुडबुड्यांची होती.

राजनंदिनी तिथे दुभाषी म्हणून आली होती. ती निघताना साकेच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी मला तिच्या हातात दिलं. "लवकर परत ये, तुला इथेच नोकरी देते," असं त्या म्हणाल्या. टॉवेलात गुंडाळून तिने मला कोथरूडच्या घरी आणलं.

तिच्या नवऱ्याने, सौमित्रने, मला लगेच फ्रिजमध्ये मागे सारलं. "हात लावायचा नाही. साहेब येतील तेव्हा उघडू." आल्यागेल्याला तो सांगायचा, "मी आणली, जपानहून!" मी आतल्या आत फसफसत राहायचे.

नोकरीचं काहीच कळेना, म्हणून एकदा राजनंदिनीने मालकीणबाईंना फोन केला. बोलता बोलता तिचा चेहरा पांढरा पडला. नोकरीचा मेल कधीच आला होता. सौमित्रने तिच्या नावाने परस्पर नकार कळवला होता.

"मग घर कोण बघणार होतं?" टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला.

ती रडली नाही. साहेब जेवायला येणार त्या दिवशी, सौमित्र ऑफिसात असताना, तिने मला बाहेर काढलं आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दोन कप पुढे ठेवले. मग म्हणाल्या, "ओत. मलाही दे थोडी."

चहाच्या कपांत मी फेसाळत उतरले.

"अगं, पिकल्या खरबुजाचा वास येतोय! आणि जिभेला कसं चुरचुरतंय!"

राजनंदिनीने घोट तोंडात घोळवला. आधी गोड, मग किंचित आंबट. तिचे डोळे मिटले. त्या घोटासाठीच मी जन्मले होते, मित्रांनो.

मी रिकामी झाल्यावर तिने भाताची पेज घेतली. सासूबाईंनी स्वतः गाळणी पुढे केली. "बारीक गाळ, शितं राहतील." वर सोडा घालून तिने झाकण घट्ट फिरवलं, सोनेरी कागद नीट चढवला.

संध्याकाळी सौमित्रने मला ऐटीत उघडलं. "साहेब, खरबूज, लिची... जपानमध्ये मी याचा अभ्यासच केलाय."

श्यामसुंदर साहेबांनी घोट घेतला. "वा! फारच नाजूक!"

"पेज आहे ती, साहेब," राजनंदिनी शांतपणे म्हणाली. "साके मी आणि आईंनी संपवली. जपानला मी गेले होते, हे नाही. तिथली माझी नोकरी मात्र यांनीच नाकारली, माझ्या नावाने मेल करून."

साहेबांनी कप खाली ठेवला. "सौमित्र, दुसऱ्याच्या नावाने मेल करायची सवय ऑफिसातही आहे का आपल्याला?"

सौमित्र घाईघाईने माझं झाकण लावू लागला. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

राजनंदिनीने पुन्हा अर्ज केला आणि ती जपानला गेली. मी इथेच, जेवणाच्या टेबलावर, सौमित्रच्या ताटासमोर असते. तो मला कचऱ्यात टाकतो, सासूबाई मला धुऊन परत ठेवतात.

मित्रांनो, दुसऱ्याच्या नावाने आलेलं काही परस्पर परत पाठवू नका. आम्ही मुक्या वस्तू सगळं बघत असतो. आणि आम्हाला विसरता येत नाही.