फोटोखालची ओळ

जाहिरातींच्या त्या कारखान्यात फोटो मोठा छापून यायचा, खालची ओळ मात्र रंगारी हातानं रंगवायचा. फोटो तोच ठेवून ओळ बदलली की झाली नवी जाहिरात! ओळी लिहिणाऱ्याला सगळे ओळीमास्तर म्हणत. मास्तरांचा तोरा काय विचारता! "चेहऱ्याला स्वतःचं काही म्हणणं नसतं," ते सांगायचे, "मी म्हणेन तेच तो म्हणतो."

एकदा गादीच्या जाहिरातीसाठी ठरलेली बाई आलीच नाही. वेळ मारून न्यायला मास्तरांनी आपल्या आईचा हसरा फोटो दिला. खाली ओळ टाकली, 'आता निवांत झोपा.' फलक त्यांच्याच घरासमोरच्या चौकात चढला.

आई म्हणजे घटकाभर स्वस्थ न बसणारी बाई. ती त्या दिवसापासून झोपूनच राहिली. जेवायला उठवलं तर दोन घास खायची आणि पुन्हा आडवी. वय झालं, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली. महिन्याभरानं ती जागा फोन कंपनीनं घेतली. फोटो तोच राहिला, भोवती कंपनीची काळी चौकट आली आणि ओळ बदलली, 'ती वाट पाहतेय.' संध्याकाळी मास्तर घरी येतात तर आई टक्क जागी, खिडकीशी बसलेली.

"आला का रे?"

"अगं, मी आलोय की!"

"तू नाही रे. तो."

"तो कोण?"

"ते कुठे लिहिलंय?" आई म्हणाली.

मास्तरांनी खिडकीतून समोरच्या फलकाकडे पाहिलं. तीन दिवस आईनं अन्नाला हात लावला नाही, खिडकी सोडली नाही. चौथ्या दिवशी सकाळीच त्यांनी रंगाऱ्याला चौकात आणून उभं केलं.

"ती ओळ पुसून टाक. आत्ताच्या आत्ता!"

"आणि तिथे काय लिहू?"

"काही नको बाबा. तिला तिच्या मनानं राहू दे."

रंगाऱ्यानं ओळीवर पांढरा रंग फासला. मास्तरांनी हुश्श केलं. तेवढ्यात रस्त्यानं जाणाऱ्या दोघी बायका काळ्या चौकटीतला फोटो पाहून थबकल्या.

"कधी गेल्या हो?" एकीनं हळूच विचारलं.

"काय माहीत. हसतमुख होत्या बिचाऱ्या," दुसरी म्हणाली.

मास्तरांनी घराकडे पाहिलं. खिडकीत कुणीच नव्हतं.

रंगाऱ्याच्या हातातला कुंचला हिसकावून ते शिडीवर चढले. तासाला दहा ओळी पाडणारा माणूस, आता एक शब्द सुचेल तर शपथ! शेवटी मनात एकच होतं, तेच लिहिलं, 'आई घरी आहे.' आणि धावत सुटले.

आई स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. "अरे, धापा काय टाकतोयस? वाघ लागलाय का मागे?" मास्तर तिला मिठी मारून लहान पोरासारखे रडले.

दुपारी आईनं चपला घातल्या. "जरा धाकट्या लेकीकडे जाऊन येते," म्हणाली. उंबऱ्याशी आली आणि थांबली. पाय काही उचलेना.

याला आता तीन वर्षं झाली. कंपनीनं ती जागा सोडली, मास्तरांनी सोडली नाही. अक्षरं फिकी पडली की ते शिडी लावतात आणि तीच ओळ गिरवतात. दुसरं काही लिहायची त्यांची छाती होत नाही. आई रोज दुपारी चपला घालून उंबऱ्याशी उभी राहते.

"आज तरी काही दुसरं लिहिशील का रे?" ती विचारते.