शेळीची तपासणी

हिंदुरावाला झाडांची माया किती, तर फोटोपुरती. राहायचं सोलापुरात शुक्रवार पेठेत, सात रस्त्यावर चहा पीत 'आमची बाग, आमची बाग' म्हणून मिरवायचं, आणि बार्शीजवळच्या आपल्या रानात पाय ठेवायचा तो सहा महिन्यांतून एकदा, तोही बूट घालून. सरकारी अनुदान मिळतंय म्हटल्यावर यानं पावसाळ्यात तीनशे सीताफळं लावली. हातात फावडं, समोर फोटोवाला. फोटो झाला, फावडं टाकलं, स्वारी गाडीत बसली.

रानातल्या वस्तीवर राहून मुक्ताबाई त्याची शेती राखायची. तिनं दहादा सांगावा धाडला, "मालक, रोपं वाळाया लागली, पाण्याचं बघा." याचं आपलं एकच, "बघू की." बघता बघता रोपांचं सरपण झालं. विहिरीकडची चाळीस तेवढी वाचली, कारण मुक्ताबाईनं ती घागरीनं जगवली. एकटी बाई. जीव लावायला तिच्याकडं एक शेळी होती आणि ही चाळीस रोपं.

एप्रिलात तपासणीचे साहेब येणार म्हणून कळलं, तेव्हा मालकाला रान आठवलं. आदल्या दिवशी येऊन म्हणतो कसा, "मुक्ताबाई, ती चाळीस उपट आन् रस्त्याकडंला लाव. साहेब रस्त्यावरनंच बघत्यात."

"ह्या उनात? मरतील की वो!"

"उद्या दुपारपतुर जगली म्हंजी झालं. सही झाली की विहिरीजवळ मला फार्महाऊस बांधायचंय. तशीबी ती जाणारच हायती."

मुक्ताबाईच्या अंगाची लाही लाही झाली. "मी न्हाय हात लावायची," ती म्हणाली.

"नको लावू. माझी सोय मी करतो."

सोय म्हणजे काय, तर सकाळी टेम्पोभर हिरव्या फांद्या आल्या आणि माणसांनी खड्ड्या-खड्ड्यात एकेक खोचली. मुक्ताबाईनं एक पान चुरगळून नाकाशी धरलं. पेरू! कुठल्या तरी बागेतली छाटणी उचलून आणली होती शहाण्यानं. सीताफळ कुठलं आणि पेरू कुठला हे ज्याला कळत नाही, तो म्हणे बागायतदार! तिनं पदरात हसू दाबलं.

साहेब आले. रस्त्यावरच उभे राहिले, "वा, झकास हाय की," म्हणाले आणि खिशातलं पेन काढलं.

मुक्ताबाईनं मुकाट्यानं शेळीचं दावं सोडलं.

शेळी थेट पहिल्या ओळीत घुसली. कराकरा पानं खाल्ली, हिसका दिला, तशी फांदी उपटून आली. मूळ नावालाही नव्हतं. शेळी पुढच्या खड्ड्याकडं वळली.

साहेबांचं पेन थांबलं. काही झालं तरी तेही खेड्यातलेच. सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, हे तिकडचं शेंबडं पोरही सांगेल.

"हिंदुराव, शेळ्या सीताफळ कधीपास्नं खायला लागल्या?"

"सुधारित जात हाय, साहेब," हिंदुराव म्हणाला. वर तोंड करून म्हणाला!

साहेब रानात उतरले, थेट विहिरीपर्यंत गेले. "ही चाळीस तेवढी खरी. महिन्यानं परत येतो. ह्यातलं एक जरी वाळलं, तर समदं अनुदान परत भरायचं, वर गुन्हा दाखल."

साहेबांची गाडी गेली. मालकाच्या आवाजात साखर आली. "मुक्ताबाई, तेवढं पाणी चुकवू नको हां."

मुक्ताबाईनं घागर त्याच्या पुढ्यात ठेवली.

"माझ्या खेपा झाल्या, मालक. आता तुमची बाग. हीर तितं हाय. आन् बूट काढून उतरा, पायऱ्या लई निसरड्या हायत्या."

हिंदुरावानं तिच्याकडं पाहिलं, घागरीकडं पाहिलं आणि बूट काढायला खाली बसला. आज फोटोवाला नव्हता.